‘घ्याल का?’ असं विचारू नका! ग्राहकाची खरी गरज ओळखायची कशी?



"सर, मी सगळ्यांना विचारूनच धंदा सुरू केला होता. सगळे म्हणाले, मस्त आयडिया आहे, कर सुरू. आता माल पडून आहे आणि त्यातला एकही जण घ्यायला येत नाही."

हे मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने सुरुवात केली की पुढचं मला पाठ असतं. आणि दर वेळी वाईट वाटतं. कारण तोपर्यंत मशीन घेऊन झालेलं असतं, गाळ्याचं डिपॉझिट भरलेलं असतं, घरातलं सोनं गहाण पडलेलं असतं आणि बँकेचा हप्ता सुरू झालेला असतो. चूक कळते, पण पैसे गेल्यावर कळते.

आज आपण हेच शिकणार आहोत. पैसे घालण्याआधी, अगदी थोड्या खर्चात, लोकांना खरंच काय हवंय हे कसं ओळखायचं? मोठ्या कंपन्या यासाठी वेगळी टीम ठेवतात. तुमच्याकडे टीम नाही, पण दोन डोळे, दोन कान आणि एक वही आहे. सुरुवातीला तेवढं पुरतं.

लोक खोटं बोलत नाहीत, मन राखतात

जरा विचार करा. शेजारची ताई उत्साहाने तुमच्या घरी आली. म्हणाली, "मी घरगुती मसाले विकायला सुरुवात करतेय, तुम्ही घ्याल ना?" तुम्ही काय म्हणाल? "हो, नक्की!" नाही कसं म्हणणार? चहा पिऊन ती हसत घरी जाते आणि वहीत लिहिते, एक ग्राहक पक्का.

आपल्याकडे तोंडावर नकार देणं वाईट दिसतं. म्हणून ‘बघू’, ‘कळवतो’, ‘सुरू झालं की सांग’ हे शब्द जन्माला आले. यांचा अर्थ बहुतेक वेळा ‘नाही’ असाच असतो. ‘घ्याल का?’ या प्रश्नाला मिळालेलं उत्तर तुमच्या वस्तूबद्दल नसतं. ते तुमच्याशी असलेल्या नात्याबद्दल असतं. त्या उत्तरावर कर्ज काढायचं नाही.

मग काय करायचं? इथे दोन शब्द समजून घ्या. पहिला, यूजर रिसर्च. म्हणजे जी माणसं वस्तू वापरणार, त्यांचं रोजचं जगणं बघून, त्यांच्याशी बोलून, त्यांची अडचण समजून घेणं. दुसरा, पार्टिसिपेटरी डिझाइन. म्हणजे वस्तू किंवा सेवा कशी असावी हे ठरवताना त्या माणसांनाच सोबत बसवणं.

ही दुसरी कल्पना कुठून आली माहितीय? १९७०च्या दशकात नॉर्वेमध्ये कारखान्यांत कॉम्प्युटर येऊ लागले होते. तेव्हा क्रिस्टन न्यूगार्ड या संगणकतज्ज्ञाने तिथल्या लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनसोबत काम केलं. मुद्दा साधा होता: ज्याच्या हाताखाली मशीन चालणार, त्याला ते कसं असावं यात बोलायचा हक्क हवा. म्हणजे ही पद्धत मार्केटिंगवाल्यांनी काढलेली नाही, ती कामगारांच्या बाजूने सुरू झाली.

आता या दोन्ही गोष्टी आपल्या छोट्या धंद्यात कशा आणायच्या, ते चार पायऱ्यांत बघू. सोबत एक उदाहरण घेऊ. समजा, तुम्हाला पुण्यात एखाद्या कॉलेजच्या परिसरात डब्याचा व्यवसाय सुरू करायचाय. तुमच्या हाताला चव आहे, घरचे सगळे कौतुक करतात. मोठी शेगडी, भांडी, गाळ्याचं डिपॉझिट असा ८० हजारांचा अंदाज आहे. थांबा. अजून एक रुपयाही घालू नका.

पायरी १: आधी फक्त बघा

माणूस काय बोलतो त्यापेक्षा काय करतो, यात जास्त माहिती असते. म्हणून पहिलं काम बोलायचं नाही, बघायचं.

याचं एक छान उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडलंय. २००६च्या सुमारास गोदरेजच्या लोकांसमोर एक प्रश्न होता. देशातल्या बहुतेक घरांत तेव्हा फ्रीज नव्हता. या घरांसाठी काय करता येईल? सोपं उत्तर होतं: आहे तोच फ्रीज लहान आणि स्वस्त करा. पण त्यांची माणसं खेड्यांतल्या आणि लहान गावांतल्या घरांत गेली आणि तिथला दिवस कसा जातो ते बघत बसली.

काय दिसलं? स्वयंपाक रोजच्या रोज होतो, भाजी थोडी थोडी येते. आठवड्याचं सामान साठवायची गरजच नाही. थोडं दूध, उरलेली भाजी, पिण्याचं गार पाणी, एवढंच एखाद-दोन दिवस टिकवायचंय. वीज जाते-येते. घर लहान, त्यात भलंमोठं कपाट ठेवायला जागा नाही. काही कुटुंबं कामासाठी घर बदलतात, त्यामुळे वस्तू उचलून नेता यायला हवी.

यातून ‘छोटूकूल’ तयार झाला. साधारण ४३ लिटरचा, आठ किलोच्या आत वजन, उचलून नेता येणारा. दार पुढे न ठेवता झाकण वरून उघडणारं ठेवलं, कारण गार हवा जड असते, वरून उघडलं की ती बाहेर सांडत नाही. कॉम्प्रेसरच नाही, गार करायला एक इलेक्ट्रॉनिक चिप आणि पंखा. १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालेल असा. ‘तुम्हाला फ्रीज हवा का?’ एवढंच विचारलं असतं, तर यातलं एकही वैशिष्ट्य सुचलं नसतं.

आता आपल्या डब्याकडे या. संध्याकाळी सात ते दहा या वेळात तीन-चार दिवस त्या परिसरात जा. एका जागी उभे राहा. काय बघायचं?

- मुलं किती वाजता जेवायला बाहेर पडतात?
- एकटी जातात की घोळक्याने?
- मेसमध्ये रांग कधी असते, ताटात काय उरतं?
- वडापावच्या गाडीवर गर्दी कोणत्या वारी जास्त असते?
- रिकामे डबे परत जाताना त्यात काय टाकलेलं दिसतं?

हे सगळं वहीत लिहा. वार आणि वेळ टाकून लिहा. मनात ठेवू नका, मन आपल्याला हवं तेवढंच लक्षात ठेवतं.

समजा चार दिवसांनी तुम्हाला दिसलं, की रविवारी संध्याकाळी सगळ्या गाड्यांवर झुंबड आहे. का? कारण बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. पुण्यात शिकलेल्या कोणालाही विचारा, हे त्याच्या आयुष्यातलं जुनं दुःख आहे! तुम्ही चवीचा विचार करत होतात आणि अडचण वाराची निघाली.

पायरी २: झालेलं विचारा, होणारं नको

आता बोलायला सुरुवात करा. आठ-दहा माणसं पुरेत, पण प्रत्येकाला वीस-पंचवीस मिनिटं द्या. नातेवाईक आणि जिवलग मित्र यादीतून बाहेर! ते तुमचे हितचिंतक आहेत, म्हणूनच ते इथे चालणार नाहीत.

प्रश्नांचा एकच नियम लक्षात ठेवा. भविष्याबद्दल विचारलं की अंदाज मिळतो, भूतकाळाबद्दल विचारलं की माहिती मिळते. बघा फरक:

- "माझा डबा घ्याल का?" ऐवजी "काल रात्री काय जेवलात? कुठून आणलं? किती पैसे गेले?"
- "घरगुती जेवण आवडेल का?" ऐवजी "आधी डबा लावला होता का? मग बंद का केला?"
- "किती पैसे द्याल?" ऐवजी "गेल्या महिन्यात खाण्यावर एकूण किती गेले असतील?"
- "आमच्याकडून काय अपेक्षा आहे?" ऐवजी "शेवटचं कधी न जेवता झोपलात? त्या दिवशी काय झालं होतं?"

शेवटचा प्रश्न बघा. या प्रश्नाला उत्तर म्हणून माणूस एक प्रसंग सांगतो. ‘लॅबला उशीर झाला, दहा वाजता आलो, डबा सात वाजता येऊन पडलेला, भाजी आंबूस झालेली, टाकून दिली.’ यात तुमच्या धंद्याचं सोनं आहे. उत्तर मिळालं की लगेच पुढच्या प्रश्नावर उडी मारू नका. "अच्छा, मग?" एवढंच म्हणा आणि गप्प बसा. खरी गोष्ट बहुतेक वेळा त्या शांततेनंतर येते.

आणि एक पथ्य: या वेळी आपली आयडिया सांगायची नाही. तुम्ही "मी डबा सुरू करतोय" म्हणालात की समोरचा लगेच मन राखायला लागतो. "मी या भागातल्या मुलांच्या जेवणाची सोय समजून घेतोय" एवढं सांगा. ते खरंही आहे. नाव-नंबर लिहायचा असेल किंवा आवाज रेकॉर्ड करायचा असेल, तर आधी परवानगी घ्या. आणि त्यांनी सांगितलेलं घरगुती काही दुसरीकडे बोलू नका.

"सर, गूगल फॉर्म पाठवला तर नाही का चालणार? शंभर जण भरतील." मित्रांनो, फॉर्मबद्दल एक खरी गोष्ट ऐका.

‘पॅडमॅन’ सिनेमा तुम्ही पाहिला असेल. तो ज्यांच्यावरून प्रेरित आहे ते कोइमतूरचे अरुणाचलम मुरुगनंतम. १९९८मध्ये लग्न झालं आणि पत्नी पाळीच्या वेळी जुन्या चिंध्या वापरते हे त्यांना कळलं. त्यांनी कापसाचं पॅड बनवलं, पत्नीला दिलं आणि लगेच विचारलं, कसं आहे? तिने सांगितलं, थांबा, आता महिनाभर वाट बघावी लागेल! एका माणसावर चाचणी करत बसलो तर वर्षं जातील, म्हणून ते एका मेडिकल कॉलेजच्या मुलींकडे गेले. पॅड दिली आणि माहिती लिहायला कागद दिले. काही दिवसांनी कागद परत घ्यायला गेले, तर काय दिसलं? तीन मुली बसून घाईघाईने ते फॉर्म भरत होत्या!

त्या मुली वाईट होत्या का? मुळीच नाही. विषय संकोचाचा, विचारणारा पुरुष आणि समोर कोरा कागद. दुसरं काय होणार? शेवटी मुरुगनंतम यांनी स्वतःच फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये बकरीचं रक्त भरलं, ते अंगावर बांधलं आणि पॅड लावून चालत-फिरत, सायकल चालवत चाचणी घेतली. गावाने वेड्यात काढलं, पत्नी काही वर्षं सोडून गेली. पण पुढे उलगडलं, की मोठ्या कंपन्या साधा कापूस वापरतच नाहीत, लाकडापासून काढलेला सेल्युलोज वापरतात. मग त्यांनी बायकांना स्वतः चालवता येईल असं साधं मशीन बनवलं. आज बचत गटांच्या बायका ते मशीन चालवतात, स्वतःच्या ब्रँडचं नाव स्वतः ठरवतात आणि ओळखीच्या बायकांना स्वतः विकतात. जिथे पुरुषाला उत्तर मिळत नव्हतं, तिथे बाईला सहज मिळतं. २०१६मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तुम्हाला रक्ताची पिशवी बांधायची गरज नाही. पण एवढं लक्षात घ्या: भरलेला फॉर्म म्हणजे मिळालेली माहिती नव्हे. आणि कोण विचारतंय, कुठे विचारतंय, याने उत्तर बदलतं. बायकांसाठी वस्तू असेल तर घरातल्या पुरुषांसमोर विचारू नका. शेतकऱ्यांसाठी असेल तर ऐन पेरणीच्या दिवसांत वेळ मागू नका. आणि लहान मुलांची वस्तू असेल, तर वापरणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असतो. दोघांशी वेगवेगळं बोला.

बोलून झालं की त्याच रात्री वहीत तीन रकाने करा: ‘पाहिलं’, ‘ऐकलं’, ‘मला वाटलं’. ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत लिहा. तिसरा रकाना वेगळा ठेवा, कारण आपली फसवणूक तिथूनच सुरू होते. आठ-दहा मुलाखतींनंतर तीच तीच गोष्ट पुन्हा ऐकू यायला लागली, की समजा, या टप्प्यावर थांबायला हरकत नाही.

पायरी ३: कच्चा नमुना द्या आणि त्यांनाच बदलू द्या

आता तुमच्याकडे खऱ्या अडचणी आहेत. बरेच जण इथे खोलीचं दार लावून एकटेच ‘परफेक्ट’ वस्तू बनवायला बसतात. तसं करू नका. अर्धवट, ओबडधोबड काहीतरी घेऊन परत त्याच लोकांकडे जा.

अर्धवटच का? कारण चकचकीत वस्तू बघून माणूस फक्त ‘छान’ म्हणतो. कच्ची वस्तू बघून तो बोट ठेवतो, ‘हे इथे नको, तिथे हवं’. १९८१मध्ये स्वीडन आणि डेन्मार्कच्या संशोधकांनी वर्तमानपत्रांच्या छपाई कामगारांसोबत ‘युटोपिया’ नावाचा प्रकल्प सुरू केला. नवी यंत्रं कशी असावीत हे ठरवायचं होतं, पण ती हाताशी नव्हती. त्यांनी काय केलं? पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं आणि त्यावर लिहिलं ‘लेझर प्रिंटर’. कामगार त्या खोक्याभोवती खरं काम केल्यासारखं वावरले आणि काय कुठे अडतंय ते सांगू लागले. खर्च? पुठ्ठ्याचा!

आपल्याकडे तर याहून भारी उदाहरण आहे. मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी १९८०च्या दशकात ‘महिला मिलन’ ही संघटना उभी केली. त्यांच्यासोबत ‘स्पार्क’ ही संस्था होती. आपलं घर कसं असावं यावर या बायकांनी स्वतः विचार केला आणि खऱ्या मापाचे नमुने उभे केले. त्या नमुन्यात उभं राहून, बसून बघता येत होतं. त्यातून १४ फूट उंचीच्या खोलीची कल्पना पुढे आली: वर पोटमाळा, म्हणजे त्याच जागेत झोपायला वेगळी जागा. जिने फुटपाथवर सहा जणांचा संसार केलाय, तिला जागेच्या प्रत्येक इंचाची किंमत कळते.

हीच माणसं पुढे पुण्यात आली. १९९९च्या सुमारास पुण्याचे तेव्हाचे आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी झोपडपट्ट्यांत सार्वजनिक शौचालयं बांधण्याच्या कामात संस्थांना सहभागी करून घेतलं. जुन्या शौचालयांची अवस्था तुम्हाला सांगायला नको. पाणी नाही, दिवा नाही, राखायला कोणी नाही. पण वस्तीतल्या बायकांशी बोलल्यावर अशा गोष्टी पुढे आल्या, ज्या ऑफिसात बसून सुचल्या नसत्या.

एक म्हणजे लहान मुलं. रांगेत मोठी माणसं त्यांना मागे ढकलतात. आत अंधार, वास आणि मोठं भांडं, त्यात पडायची भीती. मग मुलं बाहेर गटारावर बसतात आणि लोक म्हणतात, ‘यांना सवयच नाही’. सवयीचा प्रश्न नव्हताच, मापाचा होता! म्हणून नव्या शौचालयांत मुलांसाठी वेगळी जागा झाली, लहान मापाची आणि धरायला दांडी असलेली. स्त्री-पुरुषांची प्रवेशदारं वेगळी केली, म्हणजे बायकांना पुरुषांच्या नजरेसमोर रांगेत उभं राहावं लागू नये. राखणाऱ्या कुटुंबाला राहायला तिथेच खोली दिली आणि प्रत्येक घराने महिन्याला थोडे पैसे द्यायचे ठरवलं. काही ठिकाणी तर बांधकामाचं कामही महिला मिलनच्या बायकांनीच घेतलं.

मुलांची दांडी, वेगळं दार, राखणदाराची खोली. यातली एकही गोष्ट महागडी नाही. पण तिच्यामुळे ‘बांधलेलं’ शौचालय ‘वापरलेलं’ होतं. तुमच्या धंद्यातही यश आणि अपयश यांच्यात अशीच एखादी छोटी दांडी असते. ती तुम्हाला एकट्याला दिसणार नाही.

डब्यात हे कसं करायचं? ज्यांच्याशी बोललात त्यातल्या पाच-सहा जणांना एका रविवारी संध्याकाळी बोलवा. घरच्याच भांड्यांत, घरच्याच गॅसवर जेवण करा. दोन-तीन प्रकारचे डबे मांडा: मोठा, लहान, पोळ्या वेगळ्या. कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन द्या. म्हणा, "तुमचा आठवड्याचा डबा तुम्हीच लावा. वेळ, वार, पदार्थ, सगळं." आणि बाजूला बसून बघा.

कोणी चार पोळ्यांतल्या दोन काढून ठेवेल. कोणी म्हणेल, ‘मला रोज नको, आठवड्यातून तीनच दिवस द्या.’ कोणी म्हणेल, ‘भाजी कोरडी द्या, म्हणजे दहा वाजेपर्यंत टिकेल.’ यातला प्रत्येक बदल तुमचा खर्च वाचवतो किंवा ग्राहक वाढवतो. हा प्रयोग पाचशे-सातशे रुपयांत होतो. ८० हजार अजून खिशातच आहेत!

आता प्रश्न येतो, लोक म्हणतील ते सगळं करायचं का? नाही. एक म्हणेल तिखट, दुसरा म्हणेल अळणी. लोक उपाय सांगतात, तुम्ही त्यामागची अडचण ऐका. ‘भाजी कोरडी द्या’ हा उपाय झाला. ‘उशिरा आलो तरी खाता यावं’ ही अडचण. तिला आणखी चांगला उपाय तुमच्याकडे असू शकतो, उदाहरणार्थ साडेनऊची दुसरी फेरी. अडचण त्यांची, कष्ट आणि अक्कल तुमची. पण निर्णय काय झाला आणि का झाला, हे त्यांना परत जाऊन सांगा. फुकट सल्ला घेऊन गायब होणाऱ्याला लोक दुसऱ्यांदा वेळ देत नाहीत.

पायरी ४: हात खिशात जातो का ते बघा

छोटूकूलची गोष्ट मी अर्धीच सांगितली होती. आता पुढची ऐका, कारण शिकण्यासारखं इथेच आहे.

२००८मध्ये गोदरेजने उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, एक कार्यक्रम घेतला. सहाशेहून जास्त बायका आल्या होत्या. त्यांच्यासमोर नमुने ठेवले, त्यांची मतं घेतली. रंगसुद्धा त्यांनीच निवडला, लाल! म्हणजे आपल्या पहिल्या तिन्ही पायऱ्या अगदी नीट झाल्या. वस्तू बाजारात आली, किंमत साधारण सव्वातीन हजारांच्या घरात. पुरस्कार मिळाले, जगभर लेख छापून आले.

पण खेड्यांतल्या घरांत विक्री अपेक्षेइतकी झाली नाही. पुढे कंपनीला तो छोटे दुकानदार, गाडीतून प्रवास करणारे, शहरातली घरं अशा वेगळ्या ग्राहकांकडे न्यावा लागला.

संशोधन फुकट गेलं का? माझ्या मते नाही. गरज खरी होती, वस्तूही हुशारीने केलेली होती. पण ‘हा रंग छान आहे’ म्हणणं वेगळं आणि घरातल्या दहा खर्चांतून तीन हजार बाजूला काढणं वेगळं. गरज असणं, वस्तू आवडणं आणि ती विकत घेणं, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन कळल्या म्हणून तिसरी गृहीत धरायची नाही. मोठी कंपनी हा धक्का पचवून दुसरा ग्राहक शोधू शकते. गहाण सोन्यावर उभा असलेला धंदा तो पचवू शकत नाही.

म्हणून चौथी पायरी: मोठी गुंतवणूक करण्याआधी छोटे, पण खरे पैसे मागा. "पुढच्या रविवारपासून सुरू करतोय. पन्नास रुपये आगाऊ देऊन नाव नोंदवा, पहिल्या डब्यात वळते होतील." इथे ‘बघू’ म्हणणारे आणि पन्नासची नोट काढणारे आपोआप वेगळे होतात. वीस जणांनी कौतुक केलं आणि दोघांनीच पैसे दिले, तर निराश होऊ नका. उरलेल्या अठरा जणांकडे जा आणि विचारा, "मनापासून सांगा, कुठे अडलं?" कदाचित किंमत, कदाचित वेळ, कदाचित आईने भरलेले मेसचे तीन महिन्यांचे पैसे! हे कारण कळायला तुमचे ८० हजार गेले नाहीत, हाच नफा. आणि ज्यांचे आगाऊ पैसे घेतलेत त्यांना वेळेवर डबा द्या. जमलं नाही तर न मागता पैसे परत करा.

इथे हमखास चुकतं

१. फक्त आपल्यासारख्यांशी बोलणं. तुम्ही स्मार्टफोनवाले असाल तर साधा फोन वापरणारे सुटतात. यादीत दोन-तीन माणसं तरी मुद्दाम वेगळी घ्या.

२. ऐकताना वकिली करणं. समोरच्याने तक्रार केली की आपण समजवायला लागतो, ‘अहो पण त्याचं काय आहे…’ तिथेच मुलाखत संपते.

३. मत बदलायची तयारी नसणं. निर्णय आधीच झाला असेल आणि फक्त होकार गोळा करायचे असतील, तर लोकांचा वेळ घेऊ नका.

४. एकदाच करणं. धंदा सुरू झाल्यावरही महिन्यातून दोन ग्राहकांशी शांतपणे बोला. त्यातला एक, सोडून गेलेला असू द्या. तो जे सांगेल, ते टिकून राहिलेला सांगणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

सोमवार ते बुधवार: रोज एक तास, ग्राहक असतो तिथे उभे राहा. बोलू नका, लिहा.
गुरुवार, शुक्रवार: रोज तीन माणसांशी बोला. फक्त झालेलं विचारा.
शनिवार: तीन रकाने वाचा. दोनपेक्षा जास्त जणांनी सांगितलेल्या अडचणींखाली रेघ मारा. त्यातली एक निवडा.
रविवार: घरात आहे त्यातून कच्चा नमुना करा, तिघांच्या हातात द्या आणि बदलायला सांगा.

सात दिवसांनंतर दोनच गोष्टी होतील. एक तर तुमची मूळ आयडिया जास्त पक्की होईल, किंवा ती चुकीची होती हे कळेल. दुसरं झालं तर मन खट्टू होईल, मला माहितीय. त्या दिवशी घरातलं कपाट उघडून बघा. सोनं जागेवर असेल. नवी आयडिया त्याच वहीच्या पुढच्या पानावर सुरू करा.

आगाऊ पैसे घ्यायचे तर आधी किंमत ठरवायला हवी, आणि तिथेही पुष्कळ जण फसतात. पुढच्या भागात तेच बघू. तोपर्यंत वही भरायला घ्या!